जिल्हाधिकाऱ्यांच्या मागे कोण? राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, तथा अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मा. मुख्य सचिव, तथा अध्यक्ष, राज्य कार्यकारी समिती,
मंत्रालय, मुंबई.

विषय : जिल्हा पातळीवरील आपत्ती व्यवस्थापनासाठी कायम व प्रशिक्षित पदांचा आकृतिबंध मंजूर करण्याबाबत.

महोदय,

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ याने देशपातळीवर प्रथमच नेतृत्वाची साखळी कायद्याने ठरवून दिली. राज्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे, कार्यकारी समितीचे मुख्य सचिवांकडे आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष झाले आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, पोलीस अधीक्षक व जिल्ह्याचे वैद्यकीय प्रमुख सदस्य झाले. साधनसामग्री ताब्यात घेण्याचे, रस्ते बंद करण्याचे आणि निविदा प्रक्रिया बाजूला ठेवून तातडीची खरेदी करण्याचे अधिकारही या कायद्यात आहेत. तेव्हा अधिकार कमी पडतात, ही माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, हुकूम कोणी द्यायचा हे आपण वीस वर्षांपूर्वी ठरवले. तो हुकूम देण्यापूर्वी माहिती कोणी तपासायची, दिल्यानंतर तो कोणी अमलात आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकलेल्या माणसाच्या जागी कोणी बसायचे, हे मात्र अजून प्रत्येक पावसाळ्यात नव्याने ठरते.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे आणि सेवेचा बराच काळ कृष्णाकाठच्या तालुक्यांत गेला आहे. जिल्हा नियंत्रण कक्षात रात्रपाळीला कोण असतो, हे मला ठाऊक आहे. १०७७ या क्रमांकावर आलेला फोन बहुधा दुसऱ्या शाखेतून पावसाळ्यापुरता पाठवलेला एखादा लिपिक उचलतो. तो प्रामाणिक असतो, जागा असतो, नोंदवहीत वेळही नीट टिपतो. परंतु पलीकडच्या माणसाला कोणते चार प्रश्न विचारायचे, त्यातली कोणती गोष्ट लगेच वर कळवायची आणि कोणती तालुक्याच्या पातळीवर मिटेल, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याच्या मूळ शाखेतले काम तसेच पडून असते आणि ते परत जाऊन त्यालाच उपसायचे असते.

या कक्षाचा खरा आधार म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. हे पद कित्येक जिल्ह्यांत वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने चालत आले आहे. जिल्ह्याचा आराखडा तयार करणे, दरवर्षी तो सुधारणे, शाळांतून रंगीत तालमी घेणे, आपदा मित्र या प्रशिक्षित स्थानिक स्वयंसेवकांची यादी ठेवणे, हवामान खात्याचा इशारा तालुक्यांपर्यंत पोहोचवणे, बोटी आणि लाइफ जॅकेटची मोजदाद करणे ही सगळी कामे एकाच माणसाकडे, आणि त्याच्या नेमणुकीची मुदत मात्र नूतनीकरणाच्या नस्तीवर अवलंबून. त्याला शासकीय सेवेतली ज्येष्ठता नाही, पदोन्नतीची वाट नाही. पाटबंधारे खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला किंवा सार्वजनिक बांधकामच्या उपअभियंत्याला तो विनंती करू शकतो, सूचना देऊ शकत नाही. ज्यांना दहा-बारा पावसाळ्यांचा अनुभव आहे असे यांतले काही अधिकारी म्हणजे त्या जिल्ह्याची चालतीबोलती स्मरणशक्ती आहे. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, निवासी उपजिल्हाधिकारी बदलतात, तहसीलदार बदलतात. कोणत्या गावाचा रस्ता किती पाण्यात बंद होतो हे सांगणारा मनुष्य तोच उरतो. त्यानेही अधिक स्थिर नोकरी मिळाली म्हणून राजीनामा दिला, तर त्याला दोष कसा द्यावा?

बदल्यांचा विषय निघालाच आहे, तर तो इथेच सविस्तर मांडतो, कारण माझ्या मते सर्वात मोठे आणि सर्वात सहज टाळता येण्याजोगे नुकसान तिथे होते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा २००५ चा राज्याचा अधिनियम सांगतो की, बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात. मुलांच्या शाळा आणि आर्थिक वर्ष यांचा विचार केला तर हे योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की, मे महिन्याच्या मान्सूनपूर्व आढावा बैठकीत ज्या प्रांताधिकाऱ्यांनी आणि तहसीलदारांनी आराखडा वाचून दाखवला, त्यांतले काही जून उजाडेपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झालेले असतात. नवे अधिकारी येतात ते पहिल्या जोरदार पावसाबरोबर. त्यांना गावांची नावे पाठ व्हायची असतात, पोलीस पाटलांचे क्रमांक मिळवायचे असतात. आराखड्यात मात्र नावे जुनीच छापलेली राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. अशा पाण्यात तालुक्यात नव्याने रुजू झालेला अधिकारी कितीही हुशार असला, तरी कोणत्या वाडीत वृद्ध माणसे घर सोडायला तयार होत नाहीत, हे त्याला कोण सांगणार? त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली आणि पुरातून सुटण्यासाठी बोटीत बसलेली माणसेच बुडाली. बोट गावातच होती, चालवणारे हातही गावचेच होते. त्या बोटीत किती जणांनी बसायचे हे काठावर उभे राहून ठरवणारा आणि त्याचे ऐकले जाईल असा नेमलेला माणूस असायला हवा होता.

असा माणूस नेमण्याची व्यवस्था कागदावर आहे, हे आपणास माहीत आहेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत राज्यात मुख्य सचिव आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जबाबदार अधिकारी मानले आहेत. त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष घटनेचा एक कमांडर, त्याच्याजवळ माहिती व माध्यमे, समन्वय आणि सुरक्षितता पाहणारे तीन अधिकारी, आणि त्याशिवाय कार्यवाही, नियोजन व रसद असे तीन विभाग. एका वरिष्ठाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच माणसे असावीत. प्रत्येकाने एकाच वरिष्ठाला उत्तर द्यावे. पुढच्या काही तासांत काय करायचे ते लेखी असावे. या सूचना निघून पंधरा वर्षे उलटली. बहुतेक जिल्ह्यांच्या आराखड्यांत या प्रणालीचा तक्ता छापलेला आहे, चौकटी सुबक आहेत, आणि चौकटींत पदनामे आहेत. परंतु त्या चौकटीतल्या अधिकाऱ्याला आपले नाव तिथे आहे हे माहीत आहे का, त्याने त्या भूमिकेचे प्रशिक्षण घेतले आहे का, आणि तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, याची उत्तरे मला माझ्या सेवाकाळात क्वचितच मिळाली. एकदा एका तालुक्याच्या तक्त्यात रसद विभागाच्या प्रमुखाच्या जागी ज्यांचे पदनाम होते ते पद कित्येक महिने रिक्त होते, आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार ज्यांच्याकडे होता तेच कार्यवाही विभागाचेही प्रमुख होते.

सुरक्षितता अधिकाऱ्याच्या पदाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते पद आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. चिखलातून, पावसात, अंधारात चढून जावे लागत होते. नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मदतीसाठी वर चढत असताना हृदयविकाराने मृत्यू झाला. त्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यबुद्धीपुढे मी नतमस्तक आहे. पण मदतीला जाणाऱ्यांपैकी कोणी वर चढावे, कोणी पायथ्याशी थांबावे, कोणाची विश्रांतीची पाळी झाली, कोठे डोंगर अजून हलतो आहे आणि खोदकाम थांबवले पाहिजे, हे सांगण्याचा अधिकार असलेला एक माणूस पायथ्याशी असणे हा या प्रणालीतल्या त्या छोट्या चौकटीचा अर्थ आहे. धाडसी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना थांबवण्याचा अधिकार असलेले पद मात्र कोणाकडे नसते.

इर्शाळवाडीचे आणखी एक दुखणे नियोजन विभागाशी जोडलेले आहे. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनानेच विधिमंडळात सांगितले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नाही हे प्रथम लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पाऊस, बंद रस्ते व तुटलेला संपर्क यांमुळे मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. तिन्ही ठिकाणी जुलैचा महिना, सह्याद्रीचा उतार आणि वाट पाहणारी माणसे. भूवैज्ञानिकांची यादी, महसूल खात्याची वस्त्यांची यादी, वन विभागाचे नकाशे आणि पर्जन्यमापकांचे आकडे एकत्र ठेवून वर्षभर त्यावर काम करणारा एक पूर्णवेळ नियोजन अधिकारी रायगड, रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांना हवाच. हे काम पावसाळ्यात होत नाही, ते जानेवारीत करावे लागते. आणि जानेवारीत नियंत्रण कक्षातून माणसे काढून घेतलेली असतात.

आपत्ती आणि अंतर्गत सुरक्षा ही दोन खाती मंत्रालयात वेगळ्या मजल्यांवर असली, तरी घटनेच्या जागी ती एकाच रस्त्यावर येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या शौर्याची नोंद घेतली, आणि त्याच वेळी सर्वोच्च पातळीवर दिसेल असे नेतृत्व व नियंत्रण नव्हते, हेही लिहिले. त्यानंतर राज्याने फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक उभारले, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे (एनएसजी) केंद्र मुंबईत आले, सागरी पोलीस ठाणी वाढली. शस्त्रे आणि बोटी आल्या, हे चांगलेच झाले. पण त्या रात्री जे प्रश्न उभे राहिले, म्हणजे घटनास्थळी कोणाचा शब्द अंतिम, अग्निशमन दलाने आत जायचे की थांबायचे, रुग्णालयांना कोणी कळवायचे, वार्ताहरांशी एकाच तोंडाने कोणी बोलायचे, ते प्रश्न पुराच्या, स्फोटाच्या किंवा चेंगराचेंगरीच्या वेळीही तेच असतात. म्हणून पोलीस अधीक्षकांचा नियंत्रण कक्ष आणि जिल्हाधिकाऱ्यांचा नियंत्रण कक्ष यांच्यामध्ये केवळ दूरध्वनी असू नये. दोन्हीकडे एकमेकांचा एक-एक अधिकारी बसलेला असावा आणि दोघांनी वर्षातून किमान एकदा, पूर्वसूचना न देता, संयुक्त तालीम करावी. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, तेव्हा महाराष्ट्रातही निवडक ठिकाणी भोंगे वाजले. नागरी संरक्षण अधिनियम १९६८ चा आहे आणि २००९ मध्ये त्यात आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश झाला. तरीही राज्याच्या बहुसंख्य जिल्ह्यांत नागरी संरक्षण दलाची यंत्रणा नाही. तिथे भोंगा वाजला तर लोकांनी काय करायचे हे सांगणारा वॉर्डन कोण, हा प्रश्न मोकळाच आहे. होमगार्डचे जवान आहेत, त्यांच्याकडे शिस्त आहे, पण बंदोबस्तापलीकडे त्यांना वर्षभर कोणी विचारत नाही.

शहरांच्या बाबतीत आणखी एक गुंता येऊ घातला आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या २०२५ च्या दुरुस्तीने राज्याच्या राजधानीसाठी आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे. त्याचे अध्यक्ष पालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. आपल्या राज्यात २९ महानगरपालिका आहेत. मुंबई महानगरपालिकेकडे स्वतःचा सक्षम कक्ष आहे, २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसाने तो धडा पुरेपूर दिला. परंतु सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी येथे नदी शहरात शिरताना पालिकेची हद्द पाहत नाही. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा शहराबाहेरच्या गावातून येणारी बोट आणि शहरातल्या निवारा केंद्रातली जागा एकाच हाताने वाटली गेली पाहिजे. नव्या प्राधिकरणाचा शासन निर्णय काढताना पालिकेच्या हद्दीवरच्या घटनेत कमांडर कोण हे त्यात एका वाक्यात लिहिले जावे. ते न लिहिल्यास दोन अध्यक्ष आणि शून्य कर्मचारी अशी अवस्था होईल, अशी मला भीती वाटते.

गावपातळीवर बोलायचे तर पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि महसूल सेवक (पूर्वीचे कोतवाल) हेच पहिले प्रतिसादक आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ आहे, राज्याचे दल धुळे आणि नागपूर येथे आहे. ती दले उत्तम आहेत, पण घाटातला रस्ता खचला की त्यांना पोहोचायला तास लागतात आणि त्या तासांतच जे वाचायचे ते वाचते. बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र अनेक जिल्ह्यांत तयार झाले; त्यांतले किती जण आजही गावात राहतात, किती जण पुण्या-मुंबईला कामाला गेले, याची यादी दरवर्षी पडताळली गेली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे वेढली. हे दुष्काळासाठी ओळखले जाणारे जिल्हे. टँकरचे नियोजन तोंडपाठ असलेल्या तिथल्या अधिकाऱ्यांना एकाएकी बोटी मागवाव्या लागल्या.

पैशाचे कारण पुढे येईल, म्हणून तेही लिहून ठेवतो. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीची विभागणी करताना मदत आणि पुनर्वसनाबरोबरच पूर्वतयारी व क्षमतावृद्धीसाठी १० टक्के आणि सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीची झळ आधीच कमी करण्यासाठी, २० टक्के हिस्सा वेगळा धरला. म्हणजे माणसे तयार करणे हा खर्चाचा मान्य प्रकार आहे. आणि महाराष्ट्राला यात दुसऱ्या कोणाकडून प्रेरणा घ्यावी लागू नये, अशी आपली सुरुवात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे नेली. त्यानंतर आपण देशात सर्वांच्या आधी बहुविध आपत्तींचा विचार करणारे जिल्हा आराखडे तयार केले, नियंत्रण कक्ष उभे केले. ओडिशा १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर जागा झाला, गुजरात २००१ च्या भूकंपानंतर. पण ओडिशाने त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, पुढे स्वतःचे शीघ्र कृती दल उभे केले आणि ही यंत्रणा सरकारे बदलली तरी टिकवली. १९९९ मध्ये तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे मेली होती. २०१३ च्या फायलिन वादळात जवळपास दहा लाख लोकांना हलवले गेले आणि मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली. त्यामागे किनाऱ्यावरच्या प्रत्येक निवाऱ्याची किल्ली कोणाकडे आहे हे वर्षभर पाहणारी माणसे होती. आपण पहिले होतो आणि आपले आराखडे कपाटात राहिले, ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून आपणांस विनंती आहे की, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे पद गट-अ किंवा किमान गट-ब राजपत्रित दर्जाचे कायम पद म्हणून निर्माण करावे, त्याचे सेवाप्रवेश नियम करावेत आणि आज कंत्राटावर काम करणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यांना त्यात योग्य संधी द्यावी. त्याच्या हाताखाली नियोजन, रसद आणि नियंत्रण कक्ष यांसाठी बारमाही माणसे द्यावीत; मोठ्या जिल्ह्यांना अधिक, लहान जिल्ह्यांना कमी, पण शून्य कोठेही नको. घटना प्रतिसाद प्रणालीतील प्रत्येक भूमिकेसाठी नावासह एक अधिकारी आणि एक पर्यायी अधिकारी दरवर्षी नेमावा आणि ज्यांची नावे त्या यादीत आहेत त्यांची बदली फेब्रुवारीअखेर तरी करावी किंवा पावसाळा संपेपर्यंत थांबवावी. बदल्यांच्या कायद्यात विशेष कारणास्तव इतर वेळी बदली करण्यास वाव आहेच. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर कोणत्या पदावर कोण होते, काय साधले आणि काय चुकले याचा अहवाल तीन महिन्यांत प्रसिद्ध करावा, आणि त्यात माणसाला शिक्षा करण्यापेक्षा पदाची रचना दुरुस्त करण्यावर भर असावा. कनिष्ठ कर्मचाऱ्याला निलंबित करून प्रकरण मिटवण्याची सवय मोडली नाही, तर पुढच्या वेळी खरी माहिती वर येणार नाही.

यातला पहिला भाग वित्त विभागाच्या मान्यतेशिवाय होणार नाही, त्याला वेळ लागेल. पण नावांची यादी लावायला पैसा लागत नाही. येत्या ३१ मेपूर्वी प्रत्येक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक तहसील कार्यालयाच्या दर्शनी भागात ती लागावी, आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला ती बदलल्यास नवी लावावी, एवढे परिपत्रक आपल्या स्वाक्षरीने निघू शकते. ते कधी निघेल, हे कळवावे.

आपला विश्वासू,
महसूल सेवेतील एक निवृत्त अधिकारी,
सांगली जिल्हा